नेव्हिसच्या शिक्क्याचं तिकीट

ती घटना आजही आठवली की माझं डोकं तापतं. वय झालं, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, बायको म्हणते जुनं उकरत बसू नका. पण काही प्रकरणांची फाइल बंद होते आणि प्रकरण डोक्यात उघडंच राहतं, त्याला माझा इलाज नाही. हा खून नव्हता, दरोडा नव्हता. नखाएवढं एक टपाल तिकीट होतं. त्या तिकिटापायी एका बाईला चोर ठरवायला अख्खी सोसायटी, माझे एक वरिष्ठ आणि एक पुढारी माझ्या मागे हात धुऊन लागले होते. मी ऐकलं नाही. का ऐकलं नाही ते सांगतो. नाव कुणाचंच घेणार नाही.

नवी मुंबईतल्या एका ठाण्यात मी तेव्हा वरिष्ठ पोलीस निरीक्षक होतो. रविवार होता. रविवारच्या तक्रारी म्हणजे पार्किंगवरून बाचाबाची, वरच्या फ्लॅटमधून गळणारं पाणी, कुणाच्या कुत्र्याने कुणाची पोटरी धरली. त्या दिवशी दुपार कलली आणि एका मोठ्या सोसायटीतून फोन आला की गेटवर चोर पकडलाय, गाडी पाठवा. मी फौजदाराला आणि एका महिला शिपायाला पाठवलं. त्यांनी तिथंच पंचनामा केला आणि सगळी वरात ठाण्यात आणली.

वरातीत कोण कोण होतं ते आधी सांगतो. पुढे होता फिर्यादी, चाळिशीचा, कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचा माणूस. त्याचे वडील वयाने म्हातारे, त्याच्याकडेच राहत. त्यांना तरुणपणापासून टपाल तिकिटं जमवण्याचा नाद. मुलाच्या मागे वडिलांचे एक जुने स्नेही होते, तेही तिकिटं जमवणारे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मऊ आवाज, ठाण्यात शिरताना चप्पल काढू का म्हणून विचारणारे. त्यांच्या मागे सोसायटीचा सेक्रेटरी आणि वॉचमन. आणि सगळ्यांच्या मधे पन्नाशीची एक बाई, काखेला कापडी पिशवी, मान ताठ. म्हाताऱ्याला दिवसभर सांभाळायला ती यायची. घरात तिला मावशी म्हणत. मीही मावशीच म्हणतो.

मुलगा बसायच्या आधीच बोलायला लागला. "सर, ओपन अँड शट केस आहे. बाबांचं सगळ्यात महाग तिकीट हिच्या पिशवीत मिळालं. व्हिडिओ आहे, साक्षीदार आहेत. फक्त अटक दाखवा."

"मिळालं कसं?" मी विचारलं.

"काकांमुळे." त्याने स्नेह्यांकडे हात केला. "काका दर रविवारी येतात. बाबांना आता दिसत नाही, पडदा खराब झालाय. काका अल्बम उघडून त्यांना एकेक तिकीट सांगतात आणि बाबा ऐकतात. आज एक तिकीट जागेवर नव्हतं. काका म्हणाले, बाई घरी जायच्या आत गेटवर पिशवी बघून घ्या. बघितली, तर डब्याखाली बटर पेपरच्या घडीत निघालं."

माझ्या पस्तीसेक वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पाळत आलो. खबर आली की खबर काय आहे हे नंतर बघायचं, ती कुणी दिली आणि त्याला कशी ठाऊक होती हे आधी बघायचं. खबरी खरं बोलत असला तरी त्याचं काही ना काही त्यात असतंच. म्हणून मी त्या पांढऱ्या शर्टाकडे एकदा नीट बघून घेतलं. ते चष्मा पुसत होते.

मग मावशीकडे वळलो. तिला खुर्ची दिली, तर सेक्रेटरीच्या कपाळाला आठी पडली. मी ती आठी बघितली आणि शिपायाला म्हटलं, मावशींना पाणी पण आण.

"बोला," मी म्हटलं.

"काय बोलू साहेब? मी चोरी केलेली नाय. ते तिकीट कसलं हाय, ते बी मना ठावं नाय. पिशवी माझी दाराजवल चपलांच्या कपाटावर असते दिवसभर. कोनी काय टाकलं त्यात, मी काय तिच्यावर बसून होते?"

"राहता कुठं?"

"तळवलीला. गावातलीच हाय मी. घर हाय माझं, तीन खोल्या भाड्यानं दिल्यात." मग तिने वॉचमनकडे बोट केलं. "ह्यो माझाच भाडेकरू हाय. ह्यानं आज माझी पिशवी रस्त्यावर उपडी केली. माझं जेवान, माझी साडी, समदं."

वॉचमन जमिनीकडे बघत राहिला. मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्याला वाटत होतं ही कुठल्या तरी झोपडीतून येते. नवी मुंबईत नव्याने आलेल्या कित्येकांना, आपल्या इमारती याच गावांच्या शेतांवर उभ्या आहेत हे माहीत नसतं. मी विचारलं, मग काम कशाला करता? म्हणाली, "मालक गेला, पोरगी लग्न होऊन गेली. घरात बसून भिंती बघू काय? आजोबा मानूस चांगला हाय."

फिर्याद घ्यावी लागलीच. दखलपात्र गुन्हा, मुद्देमाल पिशवीत मिळालेला, त्यात पळवाट नाही. संशयित म्हणून मावशीचं नाव कागदावर आलं. पण अटक केली नाही. चौकशीला हजर राहण्याची नोटीस दिली आणि महिला शिपायाबरोबर घरी सोडायला सांगितलं. मुलाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो म्हणाला, "बरं, मग एक करा. तिने माफीनामा लिहून द्यावा, केलं म्हणून. आम्ही पुढे टेन्शन देणार नाही, तिला पण आणि तुम्हाला पण."

मी काही बोलायच्या आत मावशी उठून उभी राहिली. "लिवून दिलं तं चोरी केली असं झालं ना? मी नाय लिवनार. काय करायचं ते करा."

मला ती बाई त्याच वेळी आवडली. हे सरकारी कागदावर लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

खरा घोळ सोमवारी सकाळी कळला. सेक्रेटरीने रविवारीच सोसायटीच्या ग्रुपवर मावशीचा फोटो टाकला होता. गेटवर पिशवी उपडी, सांडलेला भात, आणि ही मधे उभी. खाली लिहिलं होतं, 'चोर. हिला कामावर ठेवू नका.' तो फोटो त्या ग्रुपवरून शेजारच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर गेला आणि तिथून तळवलीत. सोमवारपासून तळवलीच्या ज्या ज्या बायका त्या भागात कामाला जात, त्या सगळ्यांच्या पिशव्या वॉचमन गेटवर उघडायला लागले. पाच-सहा बायका मावशीला घेऊन माझ्या केबिनबाहेर येऊन बसल्या. आरडाओरडा नाही, घोषणा नाही. नुसत्या बसल्या. एक म्हणाली, "साहेब, हिचं काय ते लवकर करा. हिच्यापायी आमी समद्याच चोर झालो."

मावशी एवढंच म्हणाली, "पोरीच्या सासरी गेला फोटो."

तेव्हा माझं डोकं खऱ्या अर्थाने तापलं. पोलीस कोठडी परवडली, तिथून जामिनावर सुटता येतं. फोटोतून कोण सोडवणार?

दुपारी वरिष्ठांचा फोन. "अरे, एका कामवालीसाठी किती ताणतोस? वरून विचारणा होतेय. मुद्देमाल मिळालाय, अटक कर आणि मोकळा हो."

मी म्हटलं, "सर, मुद्देमाल काय आहे हेच मला अजून कळलेलं नाही. तुम्ही लेखी आदेश द्या, लगेच अटक करतो."

 पलीकडून फोन ठेवला गेला. लेखी म्हटलं की भल्याभल्यांचा आवाज बसतो, हा माझा अनुभव. संध्याकाळी त्या भागातल्या पुढाऱ्याचा माणूस येऊन गेला. त्यालाही चहा पाजला आणि हेच सांगितलं.

पण मी वरिष्ठांना म्हणालो ते खरंच होतं. मुद्देमाल काय आहे ते मला कळलं नव्हतं. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'राणीचे चित्र असलेले तांबड्या रंगाचे जुने ब्रिटिश टपाल तिकीट एक, त्यावर काळा शिक्का, जाणकारांनी हेच ते नेव्हिस बेटाचा शिक्का असलेले तिकीट असे ओळखले.' जाणकार म्हणजे तेच स्नेही, सही त्यांचीच. तिकीट मी भिंगाखाली धरून बघितलं. राणीच्या तोंडावर काळ्या आडव्या रेघांचा एक डाग, बस. चोर अल्बम उघडतो, तिथं वाघांची, विमानांची, सोनेरी कडांची तिकिटं असतात, आणि तो नेमकं तोंड काळं केलेलं हे उचलतो? ज्याला तिकिटातलं कळत नाही तो हे उचलणार नाही. ज्याला कळतं तोच उचलेल. इथंच माझं घोडं पेंड खात होतं.

ओळखीत एक दाताचे डॉक्टर होते, बेलापूरला दवाखाना. माझी दाढ त्यांनीच काढली होती, आणि दाढ काढताना त्यांनी मला त्यांच्या तिकिटांच्या नादाबद्दल भरपूर ऐकवलं होतं. तोंडात चिमटा असताना माणूस दुसरं काय करणार, ऐकून घेतो. मंगळवारी रीतसर नोंद करून मुद्देमाल घेतला, एका जुन्या हवालदाराला बरोबर घेतलं आणि त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन पेशंटांच्या मधे आम्हाला आत घेतलं.

हवालदाराने बटर पेपरची घडी उघडली आणि तिकीट बोटाने उचलायला गेला. डॉक्टरांनी झटकन त्याचं मनगट धरलं. "हवालदारसाहेब, बोट नाही, बोट नाही. घामाने कागद खराब होतो." हवालदार चपापला. डॉक्टरांनी दाताच्याच चिमट्याने तिकीट उचलून दिव्याखाली धरलं, डोळ्याला भिंग लावलं. मग आधी तिकिटाबद्दल न बोलता त्या बटर पेपरबद्दलच बोलले.

"ही घडी कुणी घातली? तिन्ही बाजू आत दुमडलेल्या, गुळगुळीत बाजू तिकिटाकडे. ही घडी आमच्यातल्या माणसाची आहे."

"आणि तिकीट?"

"तिकीट व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं एक पेनीचं. छापली इतकी होती की आज रद्दीसारखी मिळतात."

मी म्हटलं, "फिर्यादी तर सांगतो की अल्बममधलं सगळ्यात महाग."

"ते शिक्क्यामुळे महाग होतं साहेब, तिकिटामुळे नाही. नीट ऐका." डॉक्टर खुर्ची ओढून बसले. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं, त्यांना त्याची शुद्ध नव्हती. "त्या काळात इंग्रजांच्या ताब्यातल्या कितीतरी बेटांना स्वतःची तिकिटं नव्हती. लंडनहून हीच राणीची तिकिटं तिकडे जायची. तिकीट सगळीकडे तेच. मग ते कुठं वापरलं हे कसं कळणार? तर रद्द करायच्या शिक्क्यावरून. प्रत्येक टपाल कचेरीला वेगळा शिक्का दिलेला. लंबगोल रेघा आणि मधोमध खूण. इंग्लंडमधल्या गावांच्या शिक्क्यात नुसता आकडा. समुद्रापलीकडच्या बेटांना आकड्याच्या आधी इंग्रजी अक्षर. वेस्ट इंडिजमधल्या बेटांना ए. नेव्हिसचा शिक्का म्हणजे ए, शून्य, नऊ. तिथून गेलेली पत्रंच थोडी, त्यामुळे त्या शिक्क्याचं तिकीट सापडायला नशीब लागतं. कुणाकडे असलं तर तो ते उशाशी घेऊन झोपेल."

"आणि यावर काय आहे?"

त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावलं. रेघांच्या मधे आकडा होता. आकड्याच्या आधी काहीही नव्हतं.

"हे इंग्लंडच्या बाहेर गेलेलंच नाही," डॉक्टर म्हणाले.

मी विचारलं, "तिकिटं जमवणाऱ्या माणसाची यात चूक होऊ शकते?"

"पहिल्या महिन्यात होईल. एवढी वर्षं जमवणाऱ्याची? मी दाढेला सुळा म्हणेन काय?"

म्हणजे मावशीच्या पिशवीत सापडलेली वस्तू चोरीला गेलेली वस्तूच नव्हती. आणि जाणकारांनी सही करून सांगितलं होतं की हीच ती.

त्याच दिवशी मी तिथून परस्पर त्या सोसायटीत गेलो. मुलगा ऑफिसात होता, तेच मला हवं होतं. ठाण्यात येणाऱ्या म्हाताऱ्यांचं एक असतं, त्यांना प्रश्न विचारला की उत्तर मुलगा देतो. या आजोबांचा तर कुणी जबाबही घेतला नव्हता. त्यांना दिसत नाही, मग त्यांना काय विचारायचं, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

आजोबा खिडकीशी बसले होते, दाढी वाढलेली. मावशी येत नव्हती तर दाढी कोण करणार? मी ओळख सांगितली. ते आधी एवढंच म्हणाले, "तिला मारलं नाही ना?"

"नाही."

"तिने आयुष्यात अल्बमला हात लावला नाही. तिला ती राणी आवडत नाही. काळतोंडी म्हणते तिला."

मी विचारलं, "आजोबा, तुमचं नेव्हिसचं तिकीट दुसऱ्या तिकिटांमधून ओळखायचं कसं?"

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "त्या तिकिटांच्या खालच्या दोन कोपऱ्यांत एकेक अक्षर असतं. छापताना प्रत्येक तिकिटाला वेगळी जोडी. माझ्या तिकिटावर डावीकडे आर, उजवीकडे एफ. वरच्या दातेरी कडेचा एक दात तुटलेला. विकत घेतलं तेव्हा बायको आठवडाभर बोलली नव्हती, कसं विसरेन?"

हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. आमच्या मुद्देमालावरची अक्षरं वेगळी होती आणि दात सगळे शाबूत. मग मी विचारलं की आताच पानं तपासायची वेळ का आली. आजोबा म्हणाले, "मुलाने किंमत करायला कुणी तज्ज्ञ बोलावलाय, पुढच्या आठवड्यात. तो सगळं बघणार होता."

म्हणजे तो येण्याआधी चोर सापडणं गरजेचं होतं, नाहीतर बोट त्याच माणसाकडे गेलं असतं, जो दर रविवारी पानं उलटतो. मी आजोबांना यातलं काही बोललो नाही. त्यांचा तो एकच मित्र उरला होता.

बुधवारी सकाळी मी स्नेह्यांना पुरवणी जबाबासाठी बोलावलं. साक्षीदार म्हणूनच. ते त्याच पांढऱ्या शर्टात आले. चहा मागवला. मी मुद्दाम इकडचं तिकडचं काढलं: सोसायटीतलं पाणी, गुडघेदुखी, सरकारी पेन्शन. माणूस मोकळा बसला की त्याच्या हातांकडे बघावं, तोंड तयारीने आलेलं असतं. मग मी हवालदाराला हाक मारली. "ते तिकीट आणा, लेबल लावायचं राहिलंय."

हवालदाराने बटर पेपर टेबलावर उघडला. तिकीट दोन बोटांत धरलं, जाड पुठ्ठ्याच्या लेबलावर ठेवलं आणि वर स्टेपलर धरला. स्टेपलरमध्ये पिन नव्हती, हे मला आणि त्याला माहीत होतं. म्हणाला, "साहेब, मधोमध मारू की कोपऱ्यात? मग वरून लाख ओततो."

मी स्नेह्यांकडे बघत होतो. त्यांनी चहाचा घोट घेतला, बशी खाली ठेवली आणि गुडघ्याबद्दल पुढे बोलू लागले.

साधं तिकीट असूनही दवाखान्यात डॉक्टरांनी पोलिसाचं मनगट धरलं होतं. आणि हा माणूस, ज्याने सही करून सांगितलं की उशाशी घेऊन झोपावं असं हे तिकीट, तो त्यावर स्टेपलर आणि वितळलेली लाख बघत गुडघ्याची कथा सांगत होता.

"काका," मी म्हटलं, "नेव्हिसचं तिकीट आहे. पिन मारतोय तो. तुम्ही काही बोलला नाहीत?"

त्यांचा कप हवेतच थांबला. "तुमच्या कामात मी कशाला..."

"बोट लावलं त्याने. घामाने कागद खराब होतो म्हणे."

"हो, म्हणजे, मी सांगणारच होतो..."

मी भिंग त्यांच्यापुढे सरकवलं. "शिक्क्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवा. मी लिहून घेतो."

त्यांनी भिंग उचललं नाही. उचलायची गरजच नव्हती.  मग म्हणाले, "रविवारी घाईत नजर चुकली असेल."

आता मात्र मी आवाज चढवला. "नजर चुकली? त्या बाईला रस्त्यात उभं केलं तेव्हा चुकली? सही केली तेव्हा चुकली? तीन दिवस ती चोर म्हणून गावभर फिरतेय, तेव्हा पण चुकलेलीच होती? काका, मी सांगतो तुम्ही काय केलंत. तुम्हाला तिच्या पिशवीत तिकीट टाकायचं होतं. खरं टाकलं असतं तर आज मी काय, कुणीच तुम्हाला पकडलं नसतं. पण ते तुमच्याच्याने झालं नाही. आमच्या मुद्देमालाच्या खोलीत ओल असते, झुरळं असतात, खटला संपेपर्यंत वस्तू पडून राहते. त्या बाईचं काय होईल याचा विचार तुम्हाला सुचला नाही. तिकिटाचं काय होईल याचा मात्र सुचला. म्हणून घरातलं रद्दीचं टाकलंत. ते पण जपून, तिन्ही बाजू दुमडून."

ते रडायला लागले. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू. रडत रडत सांगितलं ते एवढंच: त्यांच्याकडे त्या बेटांच्या शिक्क्यांचं पान होतं, ए-एक पासून सगळी बेटं ओळीने. एक नेव्हिस नव्हतं. आयुष्यभर शोधलं. आणि दर रविवारी तेच तिकीट स्वतःच्या हाताने एका आंधळ्या माणसाला दाखवत बसायचे. एका रविवारी पान उलटताना काढून घेतलं. वरून त्याला सांगत राहिले की तिकीट जागेवर आहे. मग तज्ज्ञ येणार कळलं आणि हात-पाय गाळले. बाईची पिशवी दाराशीच होती.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. वस्तू काढून दिली तर तो भाग चालतो. म्हणून पंच बोलावले, तिकीट काढून देतो हे त्यांचं बोलणं पंचांसमोर लिहून घेतलं, म्हणजे निवेदन पंचनामा केला, आणि त्यांच्या घरी गेलो. त्यांनी स्वतः कपाट उघडलं, चिमटा घेतला आणि अल्बममधून तिकीट काढून दिलं. डावीकडे आर, उजवीकडे एफ. वरचा एक दात तुटलेला. रेघांच्या मधे ए, शून्य, नऊ. देतानाही तिकिटाला धक्का लागू दिला नाही. मी त्यांना अटक केली.

मग सुरू झाला उलटा खेळ. ज्या मुलाला रविवारी अटक हवी होती, त्याला गुरुवारी प्रकरण मिटवायचं होतं. "सर, काका घरच्यासारखे आहेत. वय झालंय. चर्चा नको." वरिष्ठांचा फोन आला तो आता मऊ आवाजात. "सुशिक्षित माणूस आहे रे, समजून घे." मी विचारलं, "सर, रविवारी समजून घ्यायचं कुणाला सुचलं होतं का?" तिकडून पुन्हा फोन ठेवला गेला. दोषारोपपत्र मी पाठवलं, कलम एकही कमी न करता. वर्षभरात माझी बदली झाली, बिनकामाच्या जागी. झाली तर झाली. तिथे दुपारी झोप छान लागायची.

राहिला फोटो. मुलगा ठाण्यात येऊन म्हणाला, "सर, ग्रुपवरून फोटो डिलीट केलाय. मावशींना मी सॉरी म्हणतो, त्यांनी उद्यापासून यावं. बाबा जेवत नाहीत." मावशी समोरच बसली होती, मागे तिच्या त्या पाच-सहा जणी.

ती म्हणाली, "डिलीट केला म्हंजे तुमच्या फोनातला गेला. माझ्या पोरीच्या सासरच्या फोनातला गेला काय?"

"मग काय करू?"

"चोर म्हनून माझा फोटो टाकला ना? आता चोर नाय म्हनून टाका. त्याच ग्रुपवर. तुमच्या नावानं."

सेक्रेटरी मधे पडला, म्हणाला ग्रुपवर असलं काही टाकायची पद्धत नाही. मी त्याला सांगितलं की बदनामीची तक्रार अदखलपात्र आहे, पण मी आत्ता नोंदवून घेतो, मावशी कोर्टात जाईल आणि मी साक्षीला येईन, रिटायर झालो तरी येईन. तो खाली बसला. मुलाने फोन काढला आणि रविवारचाच फोटो शोधू लागला.

"त्यो नाय," मावशी म्हणाली. "फोटो मी देनार." तिने एका बाईच्या फोनमधून फोटो काढून दिला. गावातल्या हळदीतला. हिरवी नऊवारी, गळाभर सोनं, नाकात नथ, दोन्ही हात कमरेवर, आणि हसू असं की मागचा मांडव फिका पडावा.

मुलाने तो टाकला. खाली काही लिहायच्या आतच ग्रुपवर उत्तरं यायला लागली. तो वाचत गेला आणि त्याचा चेहरा पडत गेला. मी फोन हातात घेऊन बघितलं. एकाने विचारलं होतं, 'या कोण?' दुसरीने लिहिलं होतं, 'कुणाच्या पाहुण्या?' तिसऱ्याने हात जोडले होते. वर्षानुवर्षं ती त्यांच्या लिफ्टमधून वरखाली करत होती. चार दिवसांपूर्वी चोर म्हणून एका क्षणात सगळ्यांनी ओळखली होती.

मावशी म्हणाली, "लिवा, कोन ते."

तो लिहू लागला. मी उभा राहून वाचत होतो, एकेक अक्षर. 'या आमच्या घरी बाबांना सांभाळतात. यांनी चोरी केलेली नाही. चोर म्हणून फोटो टाकला ती आमची चूक.' खाली त्याने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं असं तरुण अधिकारी विचारतात. मी सांगतो, माणूस बघून गुन्हा ठरवू नका, आधी वस्तू ओळखा, आणि ती ओळखेपर्यंत वरून कुणाचाही फोन आला तरी खुर्चीवरून हलू नका. ते वहीत लिहून घेतात. मग एखादा हळूच विचारतो, "पण सर, बदली झाली ना तुमची?" झाली. आणि मावशी, ग्रुपवर ते लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, पिशवी खांद्याला लावून त्याच गेटमधून आत गेली. वॉचमन उठून उभा राहिला आणि पिशवीला कुणी हात लावला नाही.